तिसऱ्या रोलमधले सात फोटो

छकुलीचं वय एकावन्न, वजन पंच्याहत्तर किलो आणि पोलिस कचेरीच्या रेकॉर्ड रूमची ती सर्वेसर्वा. तरीही तिचे वडील तिला भर रस्त्यात ‘छकुले’ अशी हाक मारत, आणि ती निमूटपणे ‘ओ’ देई. एकदा नाव पडलं की पडलं, त्याला काय करणार? कचेरीतले शिपाईसुद्धा तिच्या मागे तिला छकुलीबाई म्हणत, हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्याचं तिला काही वाटत नसे. जे नाव तिला सहन होत नसे ते दुसरंच होतं, आणि ते तिचं नव्हतं, तिच्या वडिलांचं होतं.

कचेरीतली जुनी मंडळी नानांना ‘कोरा रोल’ म्हणत.

ती भानगड अशी. नाना पोलिस खात्यात फोटोग्राफर होते. छत्तीस वर्षांपूर्वी शहराच्या टोकाला एका बंगल्यात काही माणसं एकत्र राहायला आली. स्वतःला ती ‘सोबती’ म्हणवत, आणि त्यांचा जो म्होरक्या होता त्याला मोठा भाऊ म्हणत. अमुक दिवशी आपल्याला सगळ्यांना मिळून एका चांगल्या ठिकाणी जायचंय, असं तो सांगे. ऐकणारी माणसं अडाणी नव्हती बरं का. कुणी शाळेत शिकवणारं, कुणी नर्स, कुणी बँकेत. शेजाऱ्यांना त्यांचा काडीचा त्रास नव्हता. मग एका सकाळी दूधवाल्याला दिसलं की कालच्या बाटल्या दारात तशाच आहेत. आत लांबलचक टेबलाभोवती एकोणतीस माणसं बसलेली होती, प्रत्येकापुढे एकेक रिकामा पेला. सगळी गेलेली. त्या दिवशी अख्ख्या शहराच्या घशाखाली घास उतरला नाही.

पंचनामा सुरू व्हायच्या आधी फोटो हवेत, म्हणून नानांना एकट्याला आत पाठवलं. नानांची पद्धत ठरलेली होती. आधी प्रत्येकासमोर नंबराची पाटी ठेवायची, मग एकेक नंबर घ्यायचा. रोलला बारा फोटो. दोन रोल भरले, तिसऱ्यात पाच घेतले. बारा, बारा आणि पाच, एकोणतीस. तिसऱ्या रोलच्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘पाच. पुढे सात कोरे.’ आणि बाहेर येऊन तिन्ही रोल जमा केले.

नाना म्हणत, मी आत तीन तास होतो. दारावर पहारा देणाऱ्या हवालदाराने जबाब दिला, अकराला आत गेले, अकरा वाजून दहा मिनिटांनी बाहेर आले. दहा मिनिटांत एकोणतीस फोटो? तेही तिवईवर कॅमेरा लावून? वरिष्ठ म्हणाले, घाबरून पळाला आणि कोरे रोल गळ्यात मारले. रोल धुऊन बघितले असते तर दूध का दूध झालं असतं, पण ते धुवायला न्यायच्या आधीच कुठे गडप झाले कुणास ठाऊक. नानांच्या नोंदवहीत शेरा पडला, ‘घटनास्थळावरून पलायन.’ नानांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि घराखाली फोटोचं दुकान टाकलं.

तिथे नाना फुलले. पासपोर्टचा फोटो असो की साखरपुड्याचा, गिऱ्हाइकाला हसवल्याशिवाय बटण दाबायचं नाही. “हं, मान जरा वर. अशी नाही हो, कर्ज मागायला आल्यासारखी! हसा की, हसायला काय जातंय?” निम्म्या शहराच्या ओळखपत्रांवर माणसं विनाकारण खुशीत दिसतात, ती नानांमुळे. गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं तरी यांची बडबड चालूच. रिकाम्या स्टुलाशीसुद्धा बोलतील.

आणि गंमत ऐका. तो हवालदार पुढच्याच गल्लीत राहायचा. निवृत्त झाल्यापासून रोज चारच्या ठोक्याला दुकानात येऊन बसायचा. छत्तीस वर्षं दोघांचं एकच भांडण.

“दहा मिनिटं,” हवालदार चहात बिस्किट बुडवत म्हणे.

“तीन तास,” नाना म्हणत.

“माझं घड्याळ रेडिओला लावलेलं होतं.”

“मग रेडिओलाच विचार जा.”

हसून सोडून द्यायचे दोघंही. छकुलीला मात्र हसू येत नसे. वडील ऐंशीला टेकले. तो शेरा कागदावरून जावा, त्यांच्या देखत जावा, एवढं एकच तिला हवं होतं. त्या रेकॉर्ड रूममध्ये तिने बदली मागून घेतली होती ती त्याचसाठी. सतरा वर्षं तिने कपाटं उपसली, काही सापडलं नाही.

सापडलं ते रंगाऱ्यांमुळे. भिंतीला रंग द्यायचा म्हणून लोखंडी कपाट ओढलं, तर मागून बिस्किटाचा एक गंजका डबा धाडकन पडला. रंगारी म्हणाला, “बाई, तुमचा खाऊ!” डब्यात काळ्या कागदात गुंडाळलेले तीन रोल होते आणि त्यांवरचं अक्षर नानांचं. नानांचा पाचाचा आकडा पोटात कळ आल्यासारखा वाकलेला असतो, तो हजारांत ओळखू येईल. छकुली तिथेच जमिनीवर फतकल मारून बसली, आणि रंगाऱ्याने घाबरून तिला पाणी आणून दिलं.

पुढे कचेरीत खलबतं झाली. एवढे जुने रोल धुणारं आता कुणी राहिलंच नव्हतं. तपासणी प्रयोगशाळेने ती सामग्री कधीच भंगारात काढली होती. शहरात एकच माणूस होता, आणि आरोप नेमका त्याच्यावर. साहेबांनी कपाळाला हात लावला. शेवटी प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाईंनी तोड काढली. रोलचं सील त्या स्वतः फोडतील, नानांच्या शेजारी उभ्या राहतील, आणि काम होईपर्यंत डोळ्याआड काही होऊ देणार नाहीत.

“अंधारात डोळ्याआड कसं होऊ देणार नाही, ते तेवढं सांगा,” नाना म्हणाले. बाई पहिल्यांदा हसल्या.

बाई कामाच्या पक्क्या होत्या. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. त्यांनी छकुलीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, “फिल्म पांढरी, आरपार निघाली तर फोटो काढलेच नव्हते. मग मला तसंच लिहावं लागेल. आज निदान शंका आहे. उद्या तीही राहणार नाही. चालेल?”

छकुलीने ‘चालेल’ म्हटलं, पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. नाना खरंच पळाले असतील तर? कुणीही पळालं असतं. तीसुद्धा पळाली असती. पण मग छत्तीस वर्षं जपलेली एकमेव गोष्ट तीच स्वतःच्या हाताने मोडून टाकणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दुकानामागच्या न्हाणीघरात तिघं शिरली. खिडकीला कांबळं ठोकलेलं, दाराच्या फटीला टॉवेल. जागा एवढीशी की एकाने श्वास घेतला तर दुसऱ्याने सोडावा. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्याची बाईंना काळजी वाटली.

“बाई, एकदा दिवा घालवला की सगळ्यांचे डोळे सारखेच,” नाना म्हणाले आणि त्यांनी दिवा घालवला.

काळाकुट्ट अंधार. कागद सुटल्याचा आवाज, मग फिल्म चकतीवर चढताना होणारी बारीक किरकिर. नानांचे हात सरावाने चालले होते, ते छकुलीला नुसत्या आवाजावरून कळलं.

“छकुले,” नाना अंधारात म्हणाले, “तुला काय वाटतं गं? मी पळालो होतो?”

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. बाई न ऐकल्यासारखं करून खोकल्या.

“मला माहीत नाही, नाना. पळाला नसाल असं मला फार वाटावंसं वाटतं.”

“हे बरं बोललीस,” नाना म्हणाले. “उगाच गोड बोलली असतीस तर वाईट वाटलं असतं.”

फिल्म धुण्याच्या डब्याचं झाकण लागलं, दिवा लागला. डेव्हलपर ओतलं, छकुलीने घड्याळ धरलं, नाना डबा हलवत राहिले. मग फोटो पक्का करणारं हायपो. त्याच्या वासाने बाईंनी नाकाला रुमाल लावला. पहिला रोल बाहेर आला तो काळाठिक्कर, कोळशासारखा. दुसराही तसाच. बिस्किटाच्या डब्यात ओल गेली होती, उष्णता गेली होती, एवढ्या वर्षांनी फिल्म जळल्यासारखी झाली होती. त्यात फोटो होते की नव्हते, हे आता ब्रह्मदेवही सांगू शकला नसता.

“तिसरा,” बाई हळूच म्हणाल्या. त्यांनाही आता फोटो निघावेत असं वाटायला लागलं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तिसऱ्या रोलचे पहिले पाच फोटो काळे होते. नानांनी पट्टी बोटांतून पुढे सरकवली आणि ते थबकले.

“हे उलटं कसं?” ते म्हणाले. “रोल गुंडाळला की शेवटचे फोटो वरच्या अंगाला येतात. आधी ते खराब व्हायला पाहिजेत. आतले जळाले आणि बाहेरचे शाबूत? असं होत नाही.”

“बाहेरचे म्हणजे कोरे सात ना?” छकुलीने विचारलं.

नानांनी पट्टी तिच्या हातात दिली. “मला दिसत नाही नीट. तूच बघ, कोरे आहेत का.”

कोरे नव्हते.

तिने पट्टी दिव्याशी धरली. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं, पण तिचं आयुष्य त्यात गेलेलं. लांब टेबल. टेबलाभोवती टेबलावर डोकं टेकलेली, खुर्चीत कललेली माणसं. समोर पाट्या. आणि त्यांच्यामध्ये एक बारीक मिशीवाला, चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, वाकून पाटी सरळ करतोय.

“नाना,” ती ओरडलीच, “नाना, तुम्ही आहात! तुम्ही काम करताय! तुम्ही पळाला नव्हता हो!”

आणि तिने वडिलांना मिठी मारली, हायपोने भिजलेल्या हातांनी. न्हाणीघरातली बादली लवंडली. तपासनीस बाईंचे बूट भिजले, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या पट्टी भिंगाखाली धरून एकेक फोटो पाहत होत्या. सहा ते अकरा अगदी स्वच्छ होते. एकात नाना पाटी क्रमांक तीनजवळ, पुढच्यात नऊजवळ, मग चौदा, अठरा, तेवीस, अठ्ठावीस. शेवटचा, बारावा, फारच फिका होता. धुक्यात काही डोकी असावीत एवढंच कळत होतं. बाईंनी वहीत लिहिलं, ‘सहा छायाचित्रे सुस्पष्ट, एक अस्पष्ट.’

मग त्यांनी पेन थांबवलं.

“इथे छायाचित्रकाराचं नाव लिहायचंय. हे कुणी काढले?”

“आत मी एकटाच होतो,” नाना म्हणाले.

“मग कॅमेरा कुठेतरी ठेवून, आपोआप...”

“बाई, कॅमेरा माझ्या हातात आहे की. अठराव्यात बघा.”

बाईंनी पाहिलं. होता. त्यांनी भिंग खाली ठेवलं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“माझ्यापुढे प्रश्न एवढाच आहे,” त्या शेवटी म्हणाल्या, “की हा माणूस तिथे काम करत होता का. होता. बाकीचं मला विचारलेलं नाही.” आणि तो रकाना मोकळा ठेवून त्यांनी वही मिटली.

नाना इतके खूश होते की त्यांना त्या रकान्याचं काही पडलं नव्हतं. छकुलीला पडलं होतं. ती रेकॉर्ड रूमची बाई, रिकामा रकाना तिला दातात अडकलेल्या कणासारखा सलायचा. दुसऱ्या दिवशी सीलबंद पाकिटातून पट्टी कचेरीत आली. ती स्कॅन करून अहवालाला जोडायचं काम तिच्याकडेच होतं. पंचनाम्यातला बैठकीचा नकाशा तिने शेजारी ठेवला आणि फोटो कुठून काढलेत ते शोधायला घेतलं. म्हटलं, दुसरा कुणी पोलिस आत असेल, कोपऱ्यात उभा असेल, हवालदाराला दिसला नसेल. होतं असं कधीकधी.

पण फोटो उभ्याने काढलेले नव्हते. प्रत्येकात खाली टेबलाची कड होती आणि कडेला एका पेल्याचा काठ. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले होते. सहावा फोटो खुर्ची क्रमांक एकवरून. सातवा पाचवरून. आठवा अकरावरून. ज्या खुर्चीवरून काढला तिच्यावरचा माणूस अर्थातच त्या फोटोत नव्हता. बाकी सगळे होते, माना टाकलेले, डोळे मिटलेले. जेवताना मिठाची बाटली हातोहात पुढे सरकावी, तसा कॅमेरा टेबलाभोवती फिरला होता.

तिने नकाशा उलटा करून ठेवला आणि बाहेर जाऊन रंगाऱ्यांशी उगाचच रंगावरून वाद घातला. माणसांचा आवाज ऐकून तिला जरा बरं वाटलं.

चार वाजता ती सहा फोटोंच्या प्रती घेऊन दुकानात गेली. नानांनी त्या हवालदारापुढे पत्त्यांसारख्या पसरल्या.

“बोल आता. दहा मिनिटं?”

हवालदाराने चष्मा पुसला. एक एक फोटो उचलून पाहिला. चहा निवून गेला तरी त्याने बिस्किट बुडवलं नाही. म्हातारा एकदम खचल्यासारखा दिसला.

“माझं घड्याळ दहाच मिनिटं पुढे गेलं होतं,” तो म्हणाला. “देवाशप्पथ. त्यात मी खोटं बोललो नाही. पण एक गोष्ट मी जबाबात सांगितली नाही.”

“काय?” छकुलीने विचारलं.

“आतून यांचा आवाज येत होता. हे नेहमी बोलतात ना, मान वर करा, हसा की, तसा. मला वाटलं, भीतीने डोकं फिरलंय बिचाऱ्याचं. ते मी समजू शकतो.” त्याने नानांकडे पाहिलं. “पण मग हसण्याचा आवाज आला. एकाचा नाही. खोलीभर माणसं हसावीत तसा. हे जबाबात लिहिलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. म्हणून मी फक्त घड्याळाचं सांगितलं. आणि तुमची नोकरी गेली हो. मला माफ करा.”

नानांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “अरे, न बोलता राहिलो असतो तर खरंच पळालो असतो मी. मग म्हटलं, ही आपली गिऱ्हाइकंच समजायची. चहा घे, गार झाला.”

“आणि हसणं?” छकुलीने विचारलं.

“मी विनोद बरे करतो,” नाना म्हणाले आणि गल्ला उघडून सुट्ट्या टाचण्या शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी बाराव्या फोटोचं काम राहिलं होतं. अस्पष्ट असला तरी स्कॅन करायलाच हवा, नियम म्हणजे नियम. छकुलीने पट्टी मशिनमध्ये घातली. सकाळचे साडेअकरा. खिडकीतून ऊन, ओल्या रंगाचा वास, बाहेर शिपाई कुणाला तरी क्रिकेटचा स्कोअर सांगत होता.

पडद्यावर फोटो वरून खाली उमटत गेला.

धुकं नव्हतं. तो सहांपेक्षाही स्वच्छ होता.

ग्रुप फोटो होता. मागे एक रांग उभी, पुढे एक खुर्च्यांवर बसलेली. सगळे डोळे उघडे. सगळे खुशीत, नानांच्या गिऱ्हाइकांसारखे. प्रत्येकाने आपापली नंबराची पाटी छातीशी धरलेली, शाळेतल्या मुलांसारखी. मधोमध नाना, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून, खदखदून हसताना.

तिने मोजले. एकोणतीस.

परत मोजले. एकोणतीस, आणि नाना.

मागे टेबल दिसत होतं. त्याच्याभोवती आता कुणीही नव्हतं.

मग समोर उभं राहून हा काढला कुणी?

छकुलीने तो फोटो आपल्या पेन ड्राइव्हवर घेतला, का ते तिलाही सांगता आलं नसतं, आणि कचेरीच्या संगणकावरून पुसून टाकला. अहवालात ‘एक अस्पष्ट’ हे शब्द होते, ते तिने तसेच राहू दिले. सतरा वर्षांत तिने कागद लपवला नव्हता. पण हा जोडला असता तर बाकीचे सहाही कुणी खरे मानले नसते, आणि तो शेरा नानांच्या बरोबरच गेला असता. मग तिने सही केली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. साहेब स्वतः दुकानात घेऊन आले, दोन शिपाई बरोबर. त्यांनी उभ्याने वाचून दाखवलं, ‘सदर कर्मचारी घटनास्थळी कर्तव्यावर हजर होते, असे निष्पन्न झाल्याने सदर शेरा रद्द करण्यात येत आहे.’ सरकारी भाषा, पण छकुलीला ती त्या दिवशी गाण्यासारखी वाटली. ती ढसाढसा रडली. हवालदाराने दोन पुडे बिस्किटं आणली होती, ती सगळ्यांना वाटली, आणि शिपायांनी नानांना कडक सलाम ठोकला. नाना म्हणाले, “हात खाली घ्या, फोटो हलेल.” सगळे पोट धरून हसले.

मंडळी गेल्यावर नानांनी पत्राची घडी घालून खणात टाकली. फ्रेम करू म्हणाले नाहीत, पुन्हा वाचलंही नाही. छकुली जरा हिरमुसली.

“नाना, आनंद नाही झाला?”

“झाला की. तुला झाला म्हणून झाला.” ते काउंटर पुसत होते. “बारावा कसा आलाय गं?”

तिचा हात चहाच्या कपावर थांबला. “बारावा?”

“अगं, सगळ्यांचा मिळून काढलेला. मी म्हटलं, सरकारी रोल आहे, असं करता येत नाही. तर हटूनच बसले. एकच हो, एकच. मग काय करणार? गिऱ्हाइकाचं मन मोडवत नाही.” त्यांनी फडकं खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसासारखा दिसला. “प्रत देईन म्हणून शब्द दिला होता मी. प्रत्येकाला एक. खात्याने मला पळपुटा म्हटलं, कोरा रोल म्हटलं, त्याचं मला कधी एवढं लागलं नाही. खात्याला काय कळतं? पण शब्द देऊन गिऱ्हाइकाला छत्तीस वर्षं ताटकळत ठेवलं, हे लागत होतं गं मनाला.”

वडील ऐंशीचे. असे रडवेले झालेले तिने त्यांना आई गेली तेव्हाच पाहिलं होतं. तिने वाद घातला नाही. म्हाताऱ्याचं समाधान होतंय ना, मग चार कागद गेले तर गेले. पर्समधून पेन ड्राइव्ह काढून तिने दुकानातल्या प्रिंटरला लावला. उजेड थोडा वाढवला, कडा नीट कापल्या. हात घातला की काम नीट करायचं, हे तिला नानांनीच शिकवलेलं. एकोणतीस प्रती काढल्या, आणि एक जास्त, नानांना भिंतीवर लावायला. नानांनी प्रत्येक प्रत पाकिटात घातली, वर नंबर लिहिला आणि काउंटरवर ओळीने मांडून ठेवली. तिसाव्या पाकिटावर लिहिलं, ‘स्वतः’.

दुपारची वेळ होती. दुकान बंद, शटर खाली ओढलेलं, आतून कडी तिनेच घातलेली. ती मागे चहा टाकायला गेली. पुढून नानांचा आवाज येत होता, “या, या. सात नंबर ना? हे घ्या. उशीर झाला, राग मानू नका हं.” आहेच त्यांची बडबड, ती मनाशी म्हणाली आणि आलं ठेचत राहिली.

दोन कप घेऊन ती बाहेर आली, तेव्हा नाना स्टुलावर निवांत बसले होते. काउंटर मोकळा होता. एकही पाकीट नव्हतं.

तिने शटरकडे पाहिलं. कडी जागच्या जागी होती.

“नाना, पाकिटं कुठे ठेवलीत?”

“ठेवतोय कशाला? नेली सगळ्यांनी. किती खूश झाले म्हणून सांगू!” त्यांनी कप घेतला, फुंकर मारली. “छान झालंय.”

“आणि तुमचं?”

“माझंही तेच घेऊन गेले. मोठा भाऊ म्हणाला, तुमचं आमच्याकडेच राहू दे, आलात की बघालच. म्हटलं, बरोबर आहे. दोन-दोन ठिकाणी कशाला?”

नानांनी समाधानाने एक घोट घेतला.

“प्रती फार सुबक आल्यात म्हणाला. कुणी काढल्या, विचारत होता. मी अभिमानाने सांगितलं, माझ्या मुलीने. छकुली नाही हं, तुझं पूर्ण नाव सांगितलं.” नाना प्रेमाने हसले. “ते त्याने लिहून घेतलं.”